लहानसंच काहीतरी निघू दे

माझ्या मुलीला हवाई दलाच्या मेडिकलमध्ये नापास कर, असं साकडं मी सप्तशृंगीला घातलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. चैत्रातल्या यात्रेला आम्ही ओझरहून वणीला गेलो होतो. पुढंमागं दोघंही होते, मुलगी आणि तिचे बाबा, आणि मी हात जोडून मनातल्या मनात म्हणत होते, आई, मोठं काही नको. दुखणं नको, आजार नको. लहानसंच काहीतरी निघू दे. डोळ्याचा थोडा नंबर, कानाचं काही, हाडाचं काही. तिला जन्मभर जाणवणार नाही, पण ते 'नको' म्हणतील एवढंच.

पोटच्या पोरीच्या अंगात खोट निघावी म्हणून देवीसमोर उभी राहिलेली आई मी आहे. हे कसं घडलं आणि पुढं त्याचं काय झालं, ते सांगायचं आहे.

ओझरची माणसं विमानावर जगतात. १९६४ साली मिग विमानं बांधण्यासाठी इथं कारखाना आला, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या कित्येक घरांत चूल पेटते ती त्या कारखान्याच्या पगारावर. सासरे मिग-२१ च्या काळातले. पेपरात त्या विमानाला 'उडती शवपेटी' म्हटलेलं दिसलं की त्या दिवशी ते पेपराची घडी करून ठेवायचे, पुढं वाचायचे नाहीत. नवरा फिटर आहे, त्याची सगळी नोकरी सुखोईवर गेली. डोक्यावरून विमान गेलं की आमच्याकडं कुणी मान वर करत नाही, पण आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला तर हातातलं काम थांबतं. फॅक्टरीच्या माणसांच्या बायकांना ही सवय लागतेच. विमान कसं बांधतात हे मला थोडंफार ऐकून माहीत होतं. ते पडतं कसं, हे त्याहून जास्त माहीत होतं.

मुलगी इंजिनिअर झाली. पुण्याला नोकरीला जाईल, शनिवार-रविवारी घरी येईल, असं माझं गणित. तिचं गणित तिनं आम्हाला २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं: हवाई दलाच्या परीक्षेचा, एएफकॅटचा फॉर्म भरणार, आणि तोही फ्लाइंग ब्रँचचा. त्याच महिन्याच्या ४ तारखेला दुंडिगलच्या अकादमीतून निघालेलं पिलॅटस विमान तेलंगणात तूप्रानजवळ पडलं होतं. शिकवणारा अधिकारी आणि शिकणारा कॅडेट, दोघंही गेले. मी तिला म्हटलं, ही बातमी वाचलीस का? ती म्हणाली, "वाचली." आणि तिनं फॉर्म भरला.

तिला सरळ 'जाऊ नकोस' म्हणायची माझी हिंमत नव्हती. बाबांनी मान हलवली होती, आजीनं पेढे आणायला सांगितले होते. नाही म्हणणारी मी एकटी पडले असते, आणि मुलगी आयुष्यभर माझ्याकडं बोट दाखवत राहिली असती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की नाही म्हणायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं. टाउनशिपमध्ये सगळ्या बायका सांगायच्या, लेखी पास होतात, मुलाखत पास होतात, पण मेडिकलला भले भले गळतात. ते वाक्य मी धरून ठेवलं. माझ्या डोक्यात ही मेडिकल म्हणजे शरीरातल्या खोडी शोधून माणसं परत पाठवणारं एक दार होतं, आणि त्या दारावर माझा भरवसा होता.

मी गेली कित्येक वर्षं घरी ब्लाउज शिवते. मापाचं मला कळतं. त्यामुळं मुलीनं मेडिकलच्या निकषांचे कागद काढून आणले तेव्हा तिच्याआधी मीच ते वाचून काढले. उंची, छाती, वजन, रक्तदाब हे असणारच होतं. पण त्यात बसल्यावरची उंची होती, ८१.५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि ९६ पेक्षा जास्त नको. मांडीची लांबी होती, ६४ सेंटिमीटरच्या वर नको. पायांची लांबी होती, किमान ९९, कमाल १२०. कुजबुजलेलं ६१० सेंटिमीटरवरून एकेका कानानं वेगवेगळं ऐकू यायला हवं. रंग ओळखण्याची पहिली श्रेणी हवी. पाठीच्या कण्याचा वरपासून खालपर्यंत एक्स-रे. मी एकेक ओळ वाचत होते आणि मनात मुलीच्या अंगावरून हात फिरवत होते, इथं काही निघेल का, तिथं काही निघेल का.

पायांच्या लांबीवर माझी मोठी आशा होती, कारण ती तशी उंच नाही, निकषापेक्षा दीड-दोन सेंटिमीटरच वर. एका रविवारी तीच म्हणाली, "आई, तुझी टेप आण, मोजून बघू." भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून, पाय सरळ समोर पसरून ती जमिनीवर बसली. भिंतीपासून टाचेपर्यंत मी टेप लावली. शंभर आणि वर अर्धा. मी परत लावली. तेवढंच. टेप किंचित सैल सोडली की आकडा वाढतो आणि तिरकी धरली तरी वाढतोच, कमी मात्र होत नाही. मी म्हणाले, "शंभर. पण त्यांचं माप वेगळं असतं, एखादा सेंटिमीटर इकडंतिकडं होतोच." खरं तर भिंतीपासून टाचेपर्यंतचं माप इकडंतिकडं होत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तिच्या मनात धाकधूक राहावी म्हणून मी ते बोलले होते. त्यानंतर कितीतरी दिवस ती येताजाता पाय ताणून बसायची. ते बघूनही मला माझं बोलणं मागं घ्यावंसं वाटलं नाही.

मग चैत्र आला आणि गडावर जे झालं ते वर सांगितलंच आहे.

२०२४ सालच्या ४ जूनला लोकसभेचे निकाल होते. घराघरात टीव्ही मोठ्यानं चालू होते. दुपारी कुणीतरी धावत येऊन सांगितलं, निफाडकडं विमान पडलं. शिरसगावच्या शेतात, सुखोई. नवरा फॅक्टरीत होता. त्याच्या कामाचा उड्डाणाशी संबंध नसतो हे माहीत असूनही माझे हातपाय गळाले. फोन लागेना. मग लागला. तो म्हणाला, "दोघंही वाचले. बाहेर पडले. किरकोळ लागलंय." त्याच्या आवाजात मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी होतं. नुसती सुटका नव्हती ती, मला वाटतं त्याला अभिमान वाटत होता. निफाड तालुक्यात असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. २०१८ च्या जूनमध्येही पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीच्या शिवारात सुखोई पडलं होतं, आणि तेव्हाही दोन्ही वैमानिक छत्रीनं खाली उतरून वाचले होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला विचारलं, ते वाचले कसे? इतकी वर्षं ज्याच्या घरी विमानाचं बोलणं ऐकत आले त्याला हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते. तोवर मी फक्त पडण्याचंच ऐकून घेत होते.

त्यानं सांगितलं ते असं. सुखोईत के-३६ नावाची रशियन खुर्ची असते. वैमानिकानं दांडा ओढला की खुर्ची माणसासकट वर उडते. खाली रॉकेट असतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच माणूस विमानाच्या बाहेर गेलेला असतो. तेवढ्या क्षणात अंगावर जो जोर येतो तो स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट. "आणि खुर्ची आणि डोकं यांच्यामध्ये असतो कोण? मणका," तो म्हणाला. "सगळा भार तो घेतो. बसण्यात जरा वाकडेपणा असला, नाहीतर हाडातच कुठं दोष असला, तर वाचलेला माणूस पुन्हा उभा राहील याची खात्री नाही." बरगड्या संपतात आणि कंबर सुरू होते, तिथला मणका अशा वेळी दबून मोडतो, हेही त्यानं हाताच्या बोटानं माझ्या पाठीवर दाखवलं.

मुलगी बाजूलाच बसली होती. तिनं फोनवर ते निकषांचे कागद उघडले, जे मी तिच्याआधी पाठ केले होते, आणि एकेक आकडा काय म्हणतो ते सांगायला लागली. मांडी ६४ च्या वर का नको? खुर्ची सुटून वर जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटू नयेत म्हणून. बसल्यावरची उंची ९६ च्या वर का नको? हेल्मेट घातलेलं डोकं वरच्या काचेला लागू नये म्हणून. पाय ९९ पेक्षा आखूड का नको? पायाशी रडरचं पेडल असतं, विमान एका अंगाला ओढायला लागलं तर ते शेवटपर्यंत दाबता आलं पाहिजे, नुसतं टेकून भागत नाही. पाठीचा एवढा मोठा एक्स-रे का? बाबांनी आत्ताच सांगितलं त्यासाठी.

मी ब्लाउजचं माप घेते ते कुठली बाई सुंदर आहे हे ठरवायला घेत नाही, घातल्यावर काखेत काचू नये म्हणून घेते. एवढी साधी गोष्ट मला त्या कागदात दिसली नव्हती. मी तो कागद नकार शोधण्यासाठी वाचला होता, म्हणून मला त्यात नकारच दिसला होता. आता तेच आकडे समोर होते आणि लक्षात येत होतं, की कुठल्या तरी डॉक्टरनं, कुठल्या तरी इंजिनिअरनं, माझ्या मुलीच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट क्षणाचा आधीच विचार करून ठेवला आहे. तो क्षण मीही रोज डोळ्यांपुढं आणत होते. पण मी त्या क्षणाला नुसती भीत होते. ते त्या क्षणी तिचे गुडघे कुठं असतील याचं माप घेत होते.

इथंच माझं मन पालटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळत होतं, वळत नव्हतं. डोक्यानं मेडिकलबद्दलचा राग सोडला होता, पण पोटातली इच्छा तीच होती. उलट आता मनाला एक सोयीचा युक्तिवाद सापडला: तपासणी जर इतकी तिच्या भल्यासाठी असेल, तर त्यांनी तिला नाकारणं हेही तिच्या भल्याचंच की. असं म्हणून मी गडावरचं मागणं काही परत घेतलं नाही.

ती गांधीनगरला मुलाखतीला गेली. तिथं संगणकावर वैमानिकाची चाचणी होते, जी माणसाला आयुष्यात एकदाच देता येते, त्यात नापास झालं की उड्डाणाचा रस्ता कायमचा बंद. ती पास झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मेडिकलसाठी दिल्लीला गेली. घरी गौरी-गणपतीची गडबड होती आणि माझ्याकडं ब्लाउजांचा ढीग.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी.

मुलगी लहान असताना तिला एकदा तापात फिट आली होती. संध्याकाळची वेळ, अंग चटके बसावेत असं तापलेलं, आणि माझ्या मांडीवरच तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. सासूबाई धावत कांदा फोडून घेऊन आल्या, शेजारच्या कुणी चप्पल हुंगवायला सांगितली. नवऱ्यानं स्कूटर काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती रडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात येते अशी कधी कधी, घाबरू नका, मोठी झाली की येणार नाही. आणि खरंच, परत कधी आली नाही.

पण घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. मुलीची जात आहे. उद्या लग्नाच्या वेळी कुणी म्हणालं, हिला फिट येते, तर? त्यांचं चूक होतं असं आज म्हणणं सोपं आहे, पण तेव्हा मलाही ते पटलं होतं. मी शेजारणीला सांगितलं, उलटी अडकली होती. दवाखान्याची चिठ्ठी कपाटातल्या फाइलमध्ये गेली आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मुलीला हे पुढं केव्हातरी तिच्या आत्याकडून कळलं होतं.

दिल्लीहून तिचा फोन आला तेव्हा समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मी आत गेले. ती घाईत होती. "आई, आज मला विचारलं, लहानपणी कधी फिट, झटका असं काही आलं होतं का. मी हो म्हणाले. किती वर्षांची होते मी तेव्हा? नक्की वय हवंय. आणि त्या डॉक्टरांचा कागद असेल तर फोटो काढून पाठव."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते हे: "हो कशाला म्हणालीस?"

त्यामागं सासूबाईंचंच बोलणं होतं. जी मुलगी विमान उडवायला निघाली होती तिच्याबाबतीत, त्या क्षणी, मला पहिला विचार आला तो लग्नाचा. मी स्वतःला सुधारलेली समजत होते.

ती म्हणाली, "अगं, वर शेजारी कुणी नसतं. मी एकटी असणार. माझ्या डोक्यात काही असेल तर ते मला वर जायच्या आधी कळायला नको का?"

मी म्हटलं, बघते, सांगते, आणि फोन ठेवला.

मी कपाट उघडलं. फाइल जुन्या साड्यांच्या खाली होती. लसीकरणाचं कार्ड, शाळेचे दाखले, आणि मधे घडी पडून मऊ झालेली ती चिठ्ठी. वर डॉक्टरांचं छापील नाव, खाली निळ्या शाईतलं घाईचं अक्षर. वजन ९.४ किलो. ताप १०४. वयाच्या जागी एक हा आकडा आणि पुढं चार छेद बारा, म्हणजे एक वर्ष चार महिने. त्याखाली निदान, ते मला वाचता येत होतं. कडेला औषधाचा गुलाबी डाग.

तो कागद हातात घेऊन मी पलंगावर बसले. बाहेर गिऱ्हाइकं थांबली होती. माझ्या हातात काय आहे ते मला नीट कळत होतं, कारण निकषांतली ती ओळ मी पाठ केली होती. पाच वर्षांच्या नंतर फिट आलेली असेल तर नकार. अगदी लहानपणी तापामुळं आलेली असेल आणि मागं काही राहिलं नसेल तर विचार होऊ शकतो. म्हणजे मला फार काही करायचं नव्हतं. 'कागद सापडत नाही गं' एवढं म्हणायचं, आणि मग जरा आठवल्यासारखं करून, 'शाळेत जायला लागली होतीस बहुतेक.' कुणालाही संशय आला नसता. आईची आठवण चुकू शकते. गडावर मागितलेलं लहानसं काहीतरी देवीनं माझ्याच कपाटात आणून ठेवलं होतं.

मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या वेळात काय काय मनात आलं, ते मात्र जसंच्या तसं आठवतं.

पहिल्यांदा तिचा चेहरा आला, नापास होऊन घरी आलेला. तो मी याआधी अनेकदा डोळ्यांपुढं आणला होता आणि त्याला समजावून ठेवलं होतं, होईल ठीक, चार महिने वाईट वाटेल, मग नोकरीला लागेल. पण आता त्या चेहऱ्यासोबत एक शब्दही घरी येणार होता. पाय आखूड भरले असते तर ती म्हणाली असती, विमान माझ्या मापाचं नाही. इथं तिला सांगितलं गेलं असतं, तुझ्या मेंदूचा भरवसा नाही. खोटं. आणि ते तिनं जन्मभर खरं मानलं असतं. रात्री जागरण झालं, डोकं दुखलं, उद्या बाळंतपण आलं, तरी प्रत्येक वेळी तिला तिच्या डोक्याची भीती वाटली असती. मी तिला विमानापासून वाचवून स्वतःच्या शरीराला घाबरायला शिकवलं असतं.

मग तिचं ते वाक्य परत आलं. मी हो म्हणाले. ती नाही म्हणू शकत होती. एवढ्या जुन्या गोष्टीचा पत्ता कुणाला लागला असता? तिचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं आणि तिनं खरं सांगितलं होतं, कारण तिला तपासणी हवी होती. नुसतं पास होणं तिला नको होतं. ओझरच्या घरात बसून मी त्या डॉक्टरांकडून नकार मिळवायला बघत होते आणि दिल्लीत ती त्याच डॉक्टरांकडून सत्य मागत होती. आम्हा दोघींमध्ये भित्री कोण, हे मला त्या पलंगावर कळलं. भीती वाटणं हा आईचा दोष नाही, असं मी स्वतःला इतके महिने सांगत होते. पण भीतीपोटी मी खोटं बोलायला निघाले होते, आणि ते खोटं तिच्याच अंगावर टाकणार होते.

आणि शेवटी, हे सांगायला मला सगळ्यात जड जातं, मला ती संध्याकाळ आठवली. मांडीवर ताठ झालेलं ते पोर. तिच्या डोक्याच्या आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि कुणीतरी आत बघून सांगावं म्हणून मी स्कूटरवर मागं बसून रडत होते. आता कुणीतरी आत बघायला तयार होतं. ज्यांना दिसतं असे डॉक्टर, ज्यांच्याकडं यंत्रं आहेत असे. मी त्यांच्यापासून ते लपवणार होते.

मी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली, फोटो काढला, पाठवला. खाली लिहिलं, एक वर्ष चार महिने, ताप १०४, एकदाच, परत कधी नाही. मग बाहेर येऊन गिऱ्हाइकांचे ब्लाउज दिले.

तिचा ईईजी झाला. माझी एकुलती एक मदत म्हणजे आदल्या रात्री मी फोन करून सांगितलं, केस स्वच्छ धू आणि तेल लावू नकोस. लहानपणापासून मी तिच्या डोक्याला तेल थापत आले, तेल लावू नकोस असं पहिल्यांदाच सांगत होते. डोक्याला ठिकठिकाणी चिकट मलम लावून तारा डकवल्या, तिनं नंतर सांगितलं. पडून राहायचं. मग मिनिटं-मिनिटं खोल श्वास घ्यायला लावले. मग मिटलेल्या डोळ्यांवर दिव्याची उघडझाप, सावकाश, मग जलद. मिरगीचा त्रास असलेल्या काहींना अशा लुकलुकणाऱ्या उजेडानं झटका येऊ शकतो. आणि विमानाच्या फिरत्या पंख्यातून ऊन आलं की ते डोळ्यांवर असंच लुकलुकतं. पिलॅटसला पंखा असतो. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि ती सांगत होती तो स्वर मात्र आपल्या गाडीचे ब्रेक तपासून घेतलेल्या माणसासारखा निवांत होता.

तिच्यासोबतच्या एका मुलाची मांडी लांब भरली. उंचापुरा, खेळाडू पोरगा, घरी परत गेला. काही महिन्यांपूर्वी असं काही ऐकलं असतं तर मी तिच्या बाबतीतही आशा धरली असती. या वेळी मला त्याच्या आईचा विचार आला. ती आज रडत असेल, आणि तिला कुणीतरी गुडघ्यांचं सांगायला हवं.

मुलीला फिट ठरवलं. ए-वन जी-वन, उड्डाणासाठीची पूर्ण श्रेणी. तिनं फोनवर ते ओरडून सांगितलं. 'फिट' हा शब्द इतकी वर्षं आमच्या घरात दार लावून बोलायचा होता. सासूबाईंनीच तो सगळ्या आळीला सांगितला.

आता ती दुंडिगलच्या अकादमीत शिकते आहे. माझी भीती गेली का? नाही. तूप्रानजवळ गेलेल्या त्या दोघांचंही मेडिकल झालेलंच असणार, त्यांचेही मणके कुणीतरी उजेडात धरून बघितलेच असणार. तपासणी सगळ्यातून वाचवत नाही हे मला माहीत आहे. रात्री-अपरात्री फोन वाजला तर मी आजही दचकते. माझं मन बदललं ते एवढ्याच बाबतीत, की तिच्या शरीराची काळजी करणारी मी एकटीच आहे असं आता वाटत नाही. आणि उडणाऱ्या माणसाचं मेडिकल एकदा होऊन संपत नाही, दर वर्षी होतं. कुणी सांगावं, एखाद्या वर्षी ते तिला थांब म्हणतील. त्या दिवशी तिच्यावर आभाळ कोसळेल. मी आनंदानं टाळ्या पिटणार नाही, आणि त्यांना शिव्याही देणार नाही. तिला घरी घेऊन येईन.

मध्यंतरी तिला सर्दी झाली. सर्दीत कान आतून बंद होतात, वरून खाली येताना हवेचा दाब बदलला की पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून अशा वेळी उडायचं नसतं. थोडंसंच होतं, दडपून नेता आलं असतं. ती स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगून आली आणि काही दिवस तिचं उड्डाण बंद झालं. त्या रात्री मी नेहमीपेक्षा शांत झोपले, खोटं कशाला सांगू. पण सकाळी फोन करून विचारलं ते एवढंच, की कान उघडले का, आणि वर कधी सोडणार म्हणाले.